झालं म्हटल्यानंतर

"नक्की येते हं ताई" असं लिहिणारी माणसं येत नाहीत. "बघते, जमलं तर" म्हणणारीही येत नाहीत. ज्यांनी लाल बदाम पाठवले ती तर अजिबातच नाहीत. हे मला आता पाठ झालंय, तेव्हा झालं नव्हतं. म्हणून सुट्टीच्या सकाळी मी मामाच्या दुकानात दिवे लावून, स्टूल पुसून, दाराकडे डोळे लावून बसले होते, आणि फोटो काढून घ्यायला यायची होती ती मुलगी तासाभरापासून "निघालेच" या शब्दावर अडकली होती.

"फोन कर की तिला," मामा म्हणाला.

"बंद लागतोय."

"मग दिवे तरी बंद कर. उगाच तापतात."

मामाचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे झेरॉक्स आणि लॅमिनेशनची मशिनं, मागे पांढरा पडदा आणि त्याच्यासमोर गोल स्टूल. शिक्षण संपल्यापासून मी त्या स्टुलावर लोकांना बसवतेय. हनुवटी खाली, दोन्ही कान दिसू देत, हसू नका, हलू नका, झालं. झोपेतही मी "झालं" म्हणते असं घरचे सांगतात. पण आता माणसं घरच्या भिंतीला पाठ लावून फोनवरच फोटो काढतात, आणि मामाचे गुडघेही कुरकुर करायला लागलेत. तेव्हा महिनाअखेरीला जागा फोनची कव्हरं विकणाऱ्या एकाला द्यायची असं त्याने ठरवून टाकलं होतं. कव्हरवाला भला माणूस होता. मला काउंटरवर ठेवून घ्यायला एका पायावर तयार होता. तो विचार मनात आला की माझं डोकं उठायचं.

त्याच सुमारास एका मोठ्या स्टुडिओने मदतनीस हवी म्हणून जाहिरात दिली. तिथल्या मॅडमचं माणसांचे फोटो काढण्यात मोठं नाव आहे. ती जागा मिळाली तर कॅमेरा माझ्या हातात राहणार होता, नाही मिळाली तर कव्हरं. अर्जासोबत पाच माणसांचे पाच फोटो पाठवायचे होते. नात्यातली माणसं चालणार नाहीत. प्रत्येकाची परवानगी हवी. आणि खाली ठळक अक्षरांत: ओळखपत्राचे फोटो पाठवू नयेत. ती ओळ त्यांनी मला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली असणार. जे आयुष्यभर केलं ते पाठवायचं नाही, आणि जे कधी केलं नाही ते तीन आठवड्यांत पाठवायचं.

अनोळखी माणसं आणायची कुठून? तर म्हणे ऑनलाइन मिळतात. फोटोग्राफर आणि मॉडेल यांचा एक ग्रुप आहे. तिथला रिवाज असा, की मॉडेलने वेळ द्यायचा, आपण फोटो द्यायचे, दोघांचंही काम होतं. मी लगेच लिहून टाकलं: "चेहरा हवा. वय कोणतंही. केस कानांच्या मागे. चष्मा काढावा लागेल. पांढरा कपडा घालून येऊ नये." त्याखाली पहिलीच प्रतिक्रिया आली, "मॅडम, आरोपी शोधताय का?" आणि मग हसणाऱ्यांची रांग लागली.

हे सगळं बबडीने पाहिलं. बबडी माझी मामेबहीण. दोन मुलांची आई झाली तरी घरात तिला बबडीच म्हणतात. ती घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवते, त्यामुळे इंटरनेटवर कसं बोलायचं हे आपल्यालाच कळतं असा तिचा समज आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो खरा आहे.

"ताई, तू माणसं बोलावतेयस की हजेरी लावतेयस?" असं म्हणून तिने माझं लिखाण पुसलं आणि त्या जागी लिहिलं, "या, स्वतःला नव्याने भेटा." वाचून मला कानकोंडं झालं. पण संध्याकाळपर्यंत निरोपांनी फोन भरून गेला.

निरोपांचं काय सांगू. 'एकटा वाघ' नावाच्या गृहस्थाला सदरा काढून मोटारसायकलवर बसायचं होतं, आणि मोटारसायकल मी आणायची होती. एकीने विचारलं, नाक जरा लहान करून मिळेल का. मी म्हटलं, मी फोटो काढते, नाकं कापत नाही. तिने मला ब्लॉक केलं. एक मुलगा रोज "हाय" लिहायचा, मी "बोला" म्हणायचे, आणि तो पुढे बोलायचाच नाही. चेहऱ्यावर पुटकुळी आली म्हणून एकीने वेळ बदलून घेतली. पुटकुळी गेली तशी तीही गेली. 'गुलाबी धुकं' मात्र आली. सोबत आई आणि मावशीला घेऊन आली. दोघी माझ्या मागे उभ्या राहून सूचना देत होत्या, मान तिरकी कर, दात दाखवू नकोस, अशी काय बसलीस गुळाच्या ढेपेसारखी. ती पोरगी आईकडे बघायची, मावशीकडे बघायची, माझ्याकडे एकदाही नाही. जाताना मावशीने स्वतःचा पासपोर्ट साइझ काढून घेतला.

तरी असे तसे करून तिघांचे फोटो पदरात पडले. ते मी बबडीला दाखवले.

तिने ते दोनदोनदा मागेपुढे करून पाहिले.

"ताई, खरं सांगू? ही सगळी माणसं शिक्षा झाल्यासारखी दिसतायत."

"त्यांना हसा म्हटलं होतं मी."

"हसताहेत की. शिक्षा झाल्यावर हसल्यासारखी."

मला इतका राग आला की मी चहाचा कप तसाच टाकून निघून आले. राग तिचा नव्हता. ती बोलायच्या आधीच मला ते दिसलं होतं. माझ्यासमोर बसलेला माणूस ओळखपत्रच होऊन बसतो. कुणालाही कसंही बसवलं, कुठलाही दिवा लावला, तरी चेहऱ्यावर एकच भाव, की बाई, लवकर उरका. आणि मी तरी काय करत होते? चेहरा पूर्ण स्थिर झाला, पापणीसुद्धा लवेनाशी झाली की माझं बोट आपोआप दाबलं जायचं. हाताला तेच वळण होतं. माणूस मेल्यासारखा झाला की माझा फोटो तयार.

शेवटच्या आठवड्याच्या आधीच्या रविवारी 'साखरझोप' आली. ग्रुपवर तिचं नाव तेच होतं, आणि मीही तिला तेच म्हणत होते. ती ठरल्या वेळेच्या आधी आली, एकटी आली, आणि उशीर झाला का म्हणून तिनेच विचारलं. मला भरूनच आलं. माझ्याच वयाची असेल. एका मोठ्या दुकानात कॅश काउंटरवर उभी राहायची, आणि जाहिरातींत छोटी मोठी कामं मिळावीत म्हणून तिला फोटो हवे होते.

"घरी कुणाला बोलले नाहीये," ती म्हणाली. "हसतील."

कामाला ती चोख होती. सांगेन तशी वळायची, सांगेन तशी हसायची. काउंटरवरचं हसू होतं ते, पिशवी हवी का विचारतानाचं. मी दिवा हलवला, पडदा बदलला, स्टूल काढून खुर्ची दिली. काही उपयोग नाही. शिक्षाच. शेवटी मी हरले, कॅमेरा खाली घेतला आणि म्हटलं, "झालं."

ती सैलावली. खांदे खाली आले. एक बूट काढून तिने पायाचा अंगठा दाबला, आणि अंगठा दाबता दाबता वर माझ्याकडे पाहिलं. थकलेली, थोडी हसरी, कुणालाही काही विकायचं नसलेली. माझा हात कधी वर गेला मला कळलंच नाही. एकच फोटो निघाला.

तो मी पाहिला, मोठा करून पुन्हा पाहिला. इतकी वर्षं "झालं" म्हटल्याबरोबर मी मान खाली घालून कॅमेऱ्यात बघत आले होते, आणि माणूस तर त्यानंतर दिसत होता.

मी तिला तो दाखवला. वाटलं होतं, खूश होईल.

"हा नको," ती म्हणाली.

"का? अहो, हाच तर..."

"पुसा तो."

"एकदा नीट बघा तरी. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नाहीये."

"असेल. पण तुम्ही झालं म्हणालात ना? झालं म्हटल्यावर का काढलात?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "दिवसभर लोकांसमोर मी हा चेहरा येऊ देत नाही. घरी जाऊन दार लावलं की मग येतो. तो तुम्ही अनोळखी लोकांना पाठवणार?"

मी वाद घातला. मला त्याची लाज वाटते, पण घातला. म्हटलं, माझी नोकरी आहे यावर. ती म्हणाली, तुमच्या नोकरीसाठी मी सकाळपासून हसतेच आहे. तिच्यासमोर बटण दाबून मी फोटो पुसला. ती बूट घालून गेली. बाकीचे फोटो पाठवते म्हटलं, तर हो म्हणाली. तेवढा चांगुलपणाही तिने दाखवला, आणि तो मला तेव्हा जास्तच झोंबला.

दोन दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. मामावर, गिऱ्हाइकांवर, कागद अडकला म्हणून झेरॉक्स मशीनवर. शेवटी बबडी दुकानात आली आणि मी तिला सगळं सांगून टाकलं.

"पुसलास म्हणजे कॅमेऱ्यातून ना?" ती म्हणाली. "मग तो गेला कुठे? पुसलं की फक्त नाव जातं. फोटो कार्डावर तसाच पडून असतो, त्याच्या जागेवर दुसरा येऊन बसेपर्यंत. त्यानंतर त्या कार्डावर काही काढलंस?"

"नाही." ते माझं स्वतःचं कार्ड होतं. दुकानाचं वेगळं.

"आण इकडे."

मी आणलं. कुणी हात धरून आणायला लावलं नव्हतं. बबडीने लॅपटॉपमध्ये कार्ड घातलं, काहीतरी सुरू केलं, आणि आम्ही दोघी खाली सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत बसलो. मग पडद्यावर ती आली. अंगठा दाबणारी, वर बघणारी. बबडीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. मग ती म्हणाली, "ताई, हा पाठवलास तर ती जागा तुझीच." खाली दोन बटणं होती, ठेवायचा की सोडायचा.

मला तो ठेवायचा होता. हे मी सरळ सांगते. तिला कळणार कसं? मॅडमच्या स्टुडिओत ती कशाला जाणार होती? परवानगीचं मी काहीही लिहून दिलं असतं. माझा हात बटणापर्यंत गेलाही होता. पण पडद्यावरची ती माझ्याकडेच बघत होती, आणि दार लावल्यावर घरातलं माणूस बघतं तशी बघत होती. मी तिच्या घरात शिरून बसले होते, आणि आता वर तिचं काही उचलून नेणार होते.

मी कार्ड उपसून काढलं.

"वेडी आहेस का तू?" बबडी म्हणाली.

"असेन."

पण नुसतं काढून भागणार नव्हतं. ते कार्ड खिशात असतं तर शुक्रवारी अर्जाची मुदत संपेपर्यंत मी पुन्हा त्या लॅपटॉपसमोर बसले असते. माझा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. म्हणून ते मी दुकानाच्या कॅमेऱ्यात घातलं आणि भरायला घेतलं. समोर येईल ते काढत सुटले. मामाची पाठ, लॅमिनेशनचं मशीन, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या, पुन्हा मामाची पाठ. मामा वळून म्हणाला, "पुढूनही बरा दिसतो मी."

आणि गिऱ्हाइकं. ओळखपत्राचा फोटो झाला की मी त्यांना म्हणायला लागले, "थांबता का जरा? अजून एक काढायचाय, फुकट. मी झालं म्हणेन आणि त्यानंतर काढेन. नेमका कधी ते सांगणार नाही. आवडला नाही तर तुमच्यासमोर पुसेन, आणि त्यावर दुसरा काढेन." फोटो कशासाठी, कुणाला पाठवणार, तेही सांगितलं.

बरेच जण नाही म्हणाले. एकाने यात फसवणूक काय आहे ते आधी सांगा म्हटलं. जे थांबले ते सुरुवातीला ताठ बसायचे, आता काढेल, मग काढेल म्हणून. मी पांढरा पडदा वर गुंडाळून ठेवला होता आणि कॅमेरा मांडीवर ठेवून गप्प बसायचे. माणूस फार वेळ ताठ बसू शकत नाही. कंटाळतो. एक आजोबा कवळी सारखी करता करता मला मुलाच्या घराबद्दल सांगायला लागले. एक गवंडी माझ्या भिंतीला गेलेली चीर बघून हळहळला, आणि त्याची ती हळहळ मी उचलली. रांग वाढली, मामा कावला. "पाच मिनिटांच्या कामाला तू लोकांची बैठक भरवतेस," म्हणाला. गुरुवारपर्यंत माझ्याकडे चार माणसं होती. आपापला फोटो बघून हो म्हणालेली. एकही शिक्षा झालेली नाही.

पाचवं मिळेना. कुणी हो म्हटलं तर फोटो फसायचा, फोटो जमला तर माणूस नको म्हणायचं. ग्रुपवर पुन्हा हाक दिली, चार जणांनी "नक्की" लिहिलं, आणि ते नक्की म्हणजे काय हे मला आता कळत होतं.

त्या संध्याकाळी मी साखरझोपला तिचे बाकीचे फोटो पाठवले, आणि खाली लिहिलं, "तुमच्यासमोर पुसलेला फोटो मी कार्डावरून परत वर काढला होता. ठेवला नाही. आता त्याच्यावर इतके फोटो काढलेत की तो कुणालाच परत वर काढता येणार नाही. माझं चुकलं." तिने वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. म्हटलं बरोबर आहे, मीही दिलं नसतं. एवढं खरं बोलून काय मिळवलं, असं म्हणत मी स्वतःवरच चिडून झोपले.

शुक्रवारी दुपारी मी दुकानात एकटी होते. पाचऐवजी चारच पाठवावेत की गवंड्याचे दोन घालावेत, या विचारात होते. दारात ती उभी राहिली, कामावरच्या कपड्यांत.

"ओळखपत्राचा काढायचाय," ती म्हणाली. "दुकानात नवीन करून देणार आहेत."

मी स्टूल पुढे केलं. पडदा सोडला. हनुवटी खाली, कान दिसू देत, हसू नका. ती बसली तशी. मी फोटो काढला आणि म्हटलं, "झालं."

ती उठली नाही. वाकून तिने बूट काढला.

"पुसला म्हणून सांगणारे मला पुष्कळ भेटलेत," ती म्हणाली. "परत काढला होता म्हणून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं." अंगठा दाबत तिने वर पाहिलं. "घ्या. आता मी देतेय."

मी काढला. एकच काढला. तिने पाहिला, मान हलवली, बूट घातला आणि कामावर गेली.

तो फोटो पहिल्याच्या जवळपासही नव्हता. समोर कॅमेरा आहे हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं, खांदेही जरा अवघडलेले होते. मी संध्याकाळी चार फोटोंसोबत तो पाचवा पाठवला.

मॅडमचा फोन पुढच्या आठवड्यात आला. मामा कव्हरवाल्याला खोलीची मापं घेऊ देत होता, म्हणून मी बाहेर रस्त्यावर जाऊन बोलले. मॅडम फार बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. आजोबा आवडले म्हणाल्या, गवंडी आवडला म्हणाल्या. एक तारखेपासून या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तो पाचवा का निवडलात हो? ती बूट काढणारी बाई. सगळ्यात कच्चा तो आहे."

"हो," मी म्हटलं.

त्या माझ्या पुढच्या बोलण्याची वाट बघत थोडा वेळ थांबल्या, आणि मग त्यांनी फोन ठेवला.